आधी गटारात उतरणाऱ्याला विचारा!

अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत हल्ली 'डिझाईन थिंकिंग' शिकवतात. ज्याचे दुःख त्याच्याकडूनच समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, उपाय सुचवा, नमुना बनवा, तो वापरून पाहा. अशा त्याच्या पाच पायऱ्या. पद्धत चांगली आहे. पण आमचा सवाल आहे, यातले किती विद्यार्थी सफाई कामगाराशी बोलले?

प्रश्न चुकीचा मांडला की उत्तरही चुकते. २०१३ च्या कायद्याने गटाराच्या 'धोकादायक सफाई'वर बंदी घातली. धोकादायक म्हणजे काय? तर संरक्षक साधने न देता, खबरदारी न घेता माणसाकडून करून घेतलेली सफाई! मुळात माणूस आत उतरावाच का, हा प्रश्न या व्याख्येत नाहीच.

तो केरळच्या तरुण अभियंत्यांनी विचारला. त्यातून 'बॅंडिकूट' हे यंत्र घडले. २०१८ मध्ये ते तिरुवनंतपुरमला कामाला लागले. यंत्र मॅनहोलमध्ये उतरते आणि कामगार वर उभा राहून ते चालवतो. काल आत उतरणारा आज यंत्रचालक होऊ शकतो, हे त्याने दाखवून दिले.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. निकाल स्वागतार्हच, पण भरपाई मेल्यावर मिळते. म्हणून आमची मागणी साधी आहे. यंत्राची निविदा काढण्याआधी महापालिकांनी सफाई कामगारांना सल्लागार म्हणून टेबलाशी बसवावे. आणि आमच्या शिकलेल्या मुलांनी पहिली पायरी वर्गात नव्हे, कामगारांच्या वस्तीत चढावी.