चेहऱ्याचे स्त्रीकरण : चैन की उपचार?

पारलिंगी स्त्रिया, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा अशी नोंद झालेल्या परंतु स्वतःला स्त्री म्हणून ओळखणाऱ्या व्यक्ती. त्यांच्यापैकी काही जणी भुवयांवरील हाडाचा उंचवटा, नाक, जबड्याचे कोपरे, हनुवटी आणि कंठमणी यांची ठेवण शस्त्रक्रियेने बदलून घेतात. या शस्त्रक्रियांना एकत्रितपणे चेहऱ्याचे स्त्रीकरण म्हणतात आणि 1980च्या दशकात सान फ्रान्सिस्कोतील शल्यविशारद डग्लस औस्टरहाऊट यांनी त्यांना पद्धतशीर रूप दिले. या शस्त्रक्रियांविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात : ही चैन आहे, ही निसर्गात ढवळाढवळ आहे, आणि यामुळे स्त्रीत्वाचा ठोकळेबाज साचा पक्का होतो.

पहिला आक्षेप शरीरशास्त्रापुढे टिकत नाही. संप्रेरक-उपचाराने, म्हणजे शरीरातील लैंगिक संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) प्रमाण औषधांनी बदलल्याने, त्वचा मऊ होते व चरबीची ठेवण पालटते. परंतु वयात येताना वाढलेले हाड त्याने मागे जात नाही. शिवाय ज्या शस्त्रक्रियेत कपाळाच्या हाडातील पोकळीची पुढची भिंत सुटी करून मागे बसवावी लागते, जिच्यानंतर सूज पुरती ओसरायला कित्येक महिने लागतात आणि कपाळ किंवा खालचा ओठ बधिर राहण्याचा धोका असतो, तिला नट्टापट्ट्याच्या पंक्तीत बसवणे हे तिच्या वेदनेकडे पाठ फिरवणेच होय.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर नाशिकच्या नावातच आहे. पंचवटीत शूर्पणखेचे नाक कापले गेले म्हणून नासिकेवरून या नगरीला नाव मिळाले, असे परंपरा मानते. नऊ शिखरांवरून ते पडले, असाही एक पक्ष आहे. व्युत्पत्ती कोणतीही खरी ठरो, नाक कापले जाणे आणि तोंड दाखवायला जागा न उरणे हे वाक्प्रचार रोज वापरणाऱ्या समाजाला चेहरा म्हणजे केवळ मांस व हाड नव्हे, हे वेगळे शिकवावे लागत नाही. चेहरा शस्त्राने घडवणेही येथे नवे नाही : इंग्रजी फौजेचा गाडीवान कावसजी याचे नाक व एक हात टिपू सुलतानाच्या कैदेत कापले गेले आणि पुढे पुण्यात कपाळाची कातडी खाली वळवून त्याचे नाक नव्याने घडवण्यात आले. हे वृत्त ऑक्टोबर 1794मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापले. तेथे गेलेला अवयव परत दिला, येथे निरोगी अवयवाला हात लावला जातो, असा भेद कोणी दाखवील आणि तो खोटा नाही. मात्र कावसजीला नव्या नाकाची गरज केवळ श्वासापुरती नव्हती, तर चारचौघांत वावरण्यासाठी होती, आणि या दुसऱ्या प्रयोजनात दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र येतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. रुंद जबड्याच्या आणि ठसठशीत कपाळाच्या स्त्रिया असंख्य असतात. तेव्हा स्त्रीचा चेहरा अमुकच, असे ठरवणारा साचा अन्याय्य आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण भाड्याची खोली शोधताना किंवा बसमध्ये स्त्रियांच्या आसनावर बसताना एका नजरेत जिची पारख केली जाते, तिनेच तो साचा स्वतःच्या तोंडावर झेलून मोडावा, ही अपेक्षा सुधारणेचा सगळा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकते. साचा मोडण्याचे काम समाजाचे आहे आणि ते होईपर्यंत तिने रोजची हेटाळणी सोसावी, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता स्वपक्ष. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक व बेकायदेशीर ठरवले. म्हणून ही शस्त्रक्रिया स्त्रीत्वाची अट कधीच होता कामा नये. परंतु जी सक्तीची नाही ती अनावश्यक, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी 2019मध्ये झालेल्या कायद्याच्या कलम 15मध्ये लिंगबदल शस्त्रक्रिया व संप्रेरकांबरोबर लेझर-उपचाराच्या खर्चासाठीही विमा-संरक्षणाची तरतूद करण्यात आली आणि लेझरचा मुख्य उपयोग चेहऱ्यावरील केस काढण्यासाठीच होतो. त्याच कलमात लिंगबदल शस्त्रक्रियेविषयीच्या आरोग्यपुस्तिकेसाठी ज्या ‘डब्ल्यूपाथ’ या जागतिक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे प्रमाण मानली आहेत, त्या तत्त्वांच्या 2022च्या आठव्या आवृत्तीत चेहऱ्यावरील शस्त्रक्रियांचा उपचारांत समावेश आहे. ज्या कायद्याने दाढीचे केस आरोग्याचा विषय मानले, त्याच्या अंमलबजावणीत त्या केसांखालचे हाड हौशीच्या खात्यात टाकणे ही विसंगती ठरते.

शूर्पणखेच्या कथेतील शस्त्र तिच्या इच्छेविरुद्ध आणि तिला विद्रूप करण्यासाठी चालले. येथे ते व्यक्तीच्या संमतीने चालते. शस्त्र न्याय्य की अन्याय्य हे ठरवताना संमती हीच कसोटी लावायची, तर ती संमती धोके व मर्यादा स्पष्ट सांगून, घाई न करता घेतलेली असली पाहिजे, आणि ती देणारीजवळ पैसा नाही एवढ्याच कारणाने निष्फळ ठरता कामा नये.