पोलीस म्हणाले 'फोन उघडून दाखव', तर नकार देता येतो का? झडतीबद्दल कायदा काय सांगतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याच्या पोलीस आयुक्तालयासमोर रात्रभर एक आंदोलन सुरू होतं. त्याची सुरुवात मात्र छत्रपती संभाजीनगरमध्ये झाली होती.

सासरी छळ होत असल्याचं सांगत संभाजीनगरची एक विवाहित तरुणी घर सोडून पुण्यात आली. तिथे काही तरुणींनी तिला मदत केली. इकडे संभाजीनगरमध्ये ती बेपत्ता असल्याची तक्रार दाखल झाली. तिचा शोध घेत संभाजीनगरचे पोलीस पुण्यात पोहोचले आणि कोथरूड पोलिसांसोबत या तरुणींच्या खोलीवर गेले.

वॉरंट न दाखवता पोलीस घरात घुसले, झडती घेतली, नंतर ठाण्यात नेऊन जातिवाचक शिवीगाळ आणि मारहाण केली, असा आरोप तीन तरुणींनी केला. पोलिसांनी हे आरोप फेटाळले.

आरोप-प्रत्यारोप बाजूला ठेवले तरी एक प्रश्न उरतोच. उद्या पोलीस तुमच्या दारात आले, किंवा नाकाबंदीत थांबवून 'फोन उघड, व्हॉट्सॲप दाखव' म्हणाले, तर कायद्यानं तुम्हाला काय करता येतं?

संमती न देणं म्हणजे अडथळा आणणं नव्हे

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. 'पोलिसांना नाही म्हटलं तर सरकारी कामात अडथळ्याची केस लागेल' ही भीती बहुतेकांना असते.

दार अडवून धरणं, पोलिसांना ढकलणं, वस्तू लपवणं किंवा फोनमधला डेटा घाईघाईनं डिलीट करणं हा प्रतिकार झाला. त्यावरून गुन्हा दाखल होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ नुसार सरकारी कामात अडथळा आणल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. धक्काबुक्की झाली तर कलम १३२ लागतं आणि तो जास्त गंभीर गुन्हा आहे.

पण 'माझी याला संमती नाही, तुमच्याकडे कायदेशीर अधिकार असेल तर मी अडवणार नाही' असं शांतपणे सांगणं म्हणजे प्रतिकार नाही. पोलिसांकडे झडतीचा अधिकार असेल, तर त्यांना तुमच्या संमतीची गरजच नसते. आणि ते संमती मागत असतील, तर ती देणं-न देणं तुमच्या हातात असतं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या घटनापीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं स्पष्ट केलं. सरकारला त्यावर मर्यादा घालता येतात, पण त्यासाठी कायद्याचा आधार लागतो. म्हणून पहिला प्रश्न हाच: 'साहेब, कोणत्या गुन्ह्यात आणि कोणत्या कलमाखाली?'

घराची झडती: वॉरंट लागतंच का?

नेहमी नाही. सिनेमात पाहून अनेकांना वाटतं की वॉरंट नसेल तर पोलिसांना दारातूनच परत पाठवता येतं. तसं नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ९६ नुसार न्यायालय झडतीचं वॉरंट काढतं. पण कलम १८५ नुसार तपास अधिकारी वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो. त्यासाठी अटी आहेत:

- एखाद्या गुन्ह्याचा तपास सुरू असायला हवा आणि शोधायची वस्तू त्या तपासासाठी गरजेची असायला हवी.
- वॉरंट आणण्यात वेळ गेला तर ती वस्तू हाती लागणार नाही, असं मानायला सबळ कारण हवं.
- ती कारणं केस डायरीत लिहून ठेवावी लागतात.
- त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते.
- घरमालकानं किंवा घरात राहणाऱ्यानं अर्ज केल्यास त्याला ही प्रत मोफत मिळते.

दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झडती घ्यायची असेल, तर कलम १८६ नुसार तिथल्या ठाण्याला सांगून ती करावी लागते. फारच घाई असेल तर तपास अधिकारी स्वतः झडती घेऊ शकतो, पण त्या ठाण्याला तशी सूचना द्यावी लागते.

कोथरूडसारख्या प्रकरणात आणखी एक मुद्दा महत्त्वाचा ठरतो. सज्ञान व्यक्ती स्वतःच्या मर्जीनं घर सोडून गेली, तर तो गुन्हा नसतो. 'मिसिंग'ची नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. कुणाला बेकायदा डांबून ठेवल्याचा संशय असेल, तर कलम १०० नुसार दंडाधिकाऱ्यांकडून वॉरंट घेण्याची सोय आहे.

साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल, तर महिलेला तिच्या राहत्या ठिकाणाबाहेर बोलावता येत नाही. १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांनाही कलम १७९ नं हेच संरक्षण दिलंय. महिलेची अंगझडती महिलेनंच घ्यायची, तीही तिची अब्रू सांभाळून, हा नियम तर जुनाच आहे.

रस्त्यात थांबवलं तर?

नाकाबंदीत लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी मागण्याचा अधिकार पोलिसांना आहे. ही कागदपत्रं डिजिटल स्वरूपातही चालतात. पण इथेच अनेक जण नकळत चूक करतात. डिजीलॉकर उघडतात आणि अनलॉक केलेला अख्खा फोन हातात देतात. स्क्रीन दाखवणं आणि फोन देणं यात फरक आहे. कागदपत्र दाखवा, फोन आपल्या हातात ठेवा.

खिसे आणि बॅग तपासण्याचं काय? अटक झाल्यावर कलम ४९ नुसार अंगझडती घेता येते आणि ताब्यात घेतलेल्या वस्तूंची पावती द्यावी लागते. चोरीचा माल किंवा गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असलेली वस्तू कलम १०६ नुसार जप्त करता येते.

अमली पदार्थांचा संशय असेल तर एनडीपीएस कायदा लागू होतो. संभाजीनगरकरांसाठी हा विषय परका नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं (डीआरआय) अहमदाबाद गुन्हे शाखेसोबत शहरात आणि पैठण एमआयडीसीत छापे टाकून २५० कोटी रुपयांहून जास्त किमतीचे अमली पदार्थ पकडले होते.

या कायद्याच्या कलम ५० नुसार, अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर व्हावी अशी मागणी तुम्ही करू शकता. हा हक्क आहे हे पोलिसांनी तुम्हाला आधी सांगणं बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१० मध्ये विजयसिंह जडेजा खटल्यात स्पष्ट केलंय. मात्र हा नियम अंगझडतीपुरता आहे. बॅग किंवा गाडीच्या झडतीला तो लागू होत नाही.

एक सावधगिरी: गुन्हा रोखण्यासाठी पोलिसांनी दिलेला कायदेशीर आदेश पाळणं कलम १७२ नुसार बंधनकारक आहे. न पाळल्यास ते तुम्हाला तिथून हटवू किंवा ताब्यात घेऊ शकतात. त्यामुळे रस्त्यावर हुज्जत घालून काही साध्य होत नाही.

फोन: कायद्यातली सगळ्यात मोठी पोकळी

ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादचा एक व्हिडिओ व्हायरल झाला होता. पोलीस तरुणांना रस्त्यात थांबवून त्यांच्या फोनमधल्या चॅटमध्ये 'गांजा' हा शब्द सर्च करत होते. कोणावर गुन्हा नाही, कुणाविरुद्ध ठोस संशय नाही, फक्त सरसकट तपासणी. त्यावर देशभर टीका झाली.

फोनमध्ये बँक, औषधांची चिठ्ठी, घरच्यांचे फोटो, मित्रमैत्रिणींची गुपितं सगळं असतं. तुमचा फोन उघडला की तुमच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाचा खासगीपणा उघडा पडतो.

तपासासाठी फोन हवा असेल तर कलम ९४ नुसार न्यायालय समन्स काढू शकतं किंवा ठाणे अंमलदार लेखी आदेश देऊ शकतो. नव्या कायद्यात 'डिजिटल पुरावा असू शकेल अशी संपर्क साधनं' असा उल्लेखच आहे. म्हणजे पोलिसांना फोन मागता येतो, पण त्याची रीत लेखी आहे.

फोन घेतल्यावर त्यातलं काय पाहायचं, काय नाही, किती दिवस ठेवायचा, याची वेगळी कार्यपद्धती कायद्यात नाही. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पत्रकारांच्या संघटनेच्या याचिकेवर सुनावणी करताना यावर चिंता व्यक्त केली आणि केंद्राला मार्गदर्शक तत्त्वं तयार करायला सांगितलं. तोपर्यंत केंद्रीय यंत्रणा सीबीआयची २०२० ची नियमावली पाळतील, असं केंद्रानं डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयात सांगितलं.

मग पासवर्ड द्यावाच लागतो का?

इथे न्यायालयांचीच मतं वेगवेगळी आहेत. राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. याच आधारावर २०२२ मध्ये दिल्लीतल्या विशेष सीबीआय न्यायालयानं आरोपीला पासवर्ड देण्याची सक्ती करता येणार नाही, असं म्हटलं. त्याआधी २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं पासवर्ड देणं ही स्वतःविरुद्धची साक्ष ठरत नाही, असं मत दिलं होतं. पण फोन तपासण्यासाठी न्यायालयीन वॉरंटची गरजही त्याच निकालात सांगितली होती.

बोटाच्या ठशाचा मुद्दा आणखी नाजूक आहे. बोटांचे ठसे देणं म्हणजे 'साक्ष' नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्येच काथी कालू ओघड खटल्यात म्हटलंय. तेव्हा स्मार्टफोन नव्हते, पण तो निकाल आजही दाखवला जातो. म्हणून फिंगरप्रिंट किंवा फेस अनलॉकपेक्षा सहा आकडी किंवा त्याहून मोठा पासकोड जास्त सुरक्षित.

रस्त्यात कोणी फोन उघडायला सांगितलं तर एवढं म्हणता येतं: 'साहेब, मी सहकार्य करतोय. फोन उघडायला माझी संमती नाही. तपासासाठी हवा असेल तर लेखी नोटीस द्या.'

पंचनामा वाचल्याशिवाय सही नको

कलम १०३ नुसार जागेची झडती त्याच परिसरातल्या किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांसमोर घ्यावी लागते. तसे पंच मिळाले नाहीत तरच बाहेरचे बोलावता येतात. झडतीच्या वेळी हजर राहण्याचा आणि जप्तीच्या यादीची प्रत घेण्याचा हक्क घरात राहणाऱ्याला आहे.

पंच कोण, हा प्रश्न किरकोळ नाही. एल्गार परिषद प्रकरणात २८ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळं मत नोंदवलं. पुण्याहून पोलिसांसोबत गेलेले पंच पुणे महापालिकेचे कर्मचारी होते, यावर त्यांनी त्यात बोट ठेवलं होतं.

झडती सुरू करण्याआधी पोलीस आणि पंच यांनी स्वतःची झडती देण्याची पद्धत आहे. ती आठवण करून द्यायला हरकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईत कलिना इथे खार पोलीस ठाण्याच्या पथकानं एकाच्या खिशात काहीतरी ठेवल्याचं सीसीटीव्हीत दिसलं आणि चौघा पोलिसांचं निलंबन झालं. कॅमेरा नसता तर काय झालं असतं?

नव्या कायद्याच्या कलम १०५ नं झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक केलंय. फोन किंवा लॅपटॉप जप्त झाला तर मॉडेल, आयएमईआय क्रमांक आणि हॅश व्हॅल्यू नोंदवायला सांगा. हॅश व्हॅल्यू म्हणजे डेटाचा डिजिटल ठसा. नंतर डेटात बदल झाला तर तो लगेच कळतो.

तुम्ही रेकॉर्डिंग करू शकता का?

याचं एक उत्तर खुद्द संभाजीनगरमधून आलंय. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पाथर्डी पोलीस ठाण्यात पोलिसांशी झालेलं बोलणं रेकॉर्ड केलं म्हणून दोन भावांवर शासकीय गुपितं कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं सप्टेंबर २०२४ मध्ये ही कलमं रद्द केली. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं न्यायालयानं सांगितलं. तरीही रेकॉर्डिंग करताना कामात अडथळा येणार नाही, याची काळजी घ्या.

झडतीच बेकायदा असेल तर?

आपल्याकडे बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये पूरणमल खटल्यात हेच सांगितलं आणि ते तत्त्व अजूनही लागू आहे. म्हणून 'झडतीच चुकीची होती, केस उडेल' या भरवशावर राहू नका. त्या वेळी झालेल्या नोंदीच पुढे कामी येतात.

झडतीनंतर लगेच वेळ, पोलिसांची नावं, हजर असलेल्यांची नावं आणि काय-काय नेलं ते लिहून काढा. ठाण्यात नेलं असेल तर सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्या. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे फुटेज १८ महिने साठवण्याचे निर्देश दिलेत. पोलीस आयुक्त, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवाधिकार आयोग यांच्याकडे दाद मागता येते. विनाकारण त्रास देणारी झडती घेणाऱ्या पोलिसाला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७ नुसार शिक्षाही होऊ शकते.

पोलीस दारात उभे असताना ही सगळी कलमं आठवणार नाहीत. तीन गोष्टी मात्र लक्षात राहू शकतात: कारण विचारा, संमती नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि प्रत घेतल्याशिवाय सोडू नका.