हिशेब तासाचा मांडायला हवा

२०२३च्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, मुंबईची उपनगरे आणि मीरा-भाईंदर यांना वीज पुरवणाऱ्या अदानी इलेक्ट्रिसिटीने भर दिवसा चार तास आपला सगळा पुरवठा नवीकरणीय ऊर्जेवर केला. एवढ्या मोठ्या शहराच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हती. भार प्रेषणाच्या टेबलावर ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांना त्या चार तासांमागची मेहनत कळेल. त्या दिवसाबद्दल आमच्या मनात आदर आहे आणि तो आधी नोंदवूनच पुढचे लिहीत आहोत.

लक्ष्मीपूजन मात्र दिवेलागणीला होते. सूर्य मावळल्यावर तुळशीपाशी पणती लागते, जिन्यात आकाशकंदील पेटतो आणि घरोघरी माणसे असतात. त्या वेळी सौर पॅनेल शून्यावर असते, आणि नोव्हेंबरात वाराही पडलेला असतो. म्हणजे ज्या तासाला भाईंदरला विजेची खरी ओढ लागते, नेमका तोच तास त्या चार तासांच्या बाहेर राहिला. पवन, जल आणि बॅटरी यांचा विचार या तासापासून सुरू करावा, असे आमचे म्हणणे आहे.

सध्या तो तिथून सुरू होत नाही. वर्षाच्या टक्क्यापासून होतो. काही वर्षांपूर्वी या कंपनीच्या खरेदीत नवीकरणीय ऊर्जेचा वाटा अवघा ३ टक्के होता, तो २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत ३८ टक्क्यांवर गेला. त्यातला मोठा भाग जैसलमेरच्या ७०० मेगावॅट पवन-सौर संकरित प्रकल्पाचा आहे, युनिटला ३ रुपये २४ पैसे या दराने. २०२७पर्यंत ६० टक्क्यांचा संकल्प आहे. केंद्राने ऑक्टोबर २०२३मध्ये ठरवून दिलेले बंधनही असेच टक्क्यांचे आहे: २०२९-३०पर्यंत एकूण ४३.३३ टक्के, त्यात नव्या पवन प्रकल्पांचे ३.४८ आणि जलविद्युतचे १.३३. साठवणुकीचे बंधन २०२२च्या आदेशाने वेगळे घातले गेले, २०२३-२४मध्ये १ टक्का आणि २०२९-३०पर्यंत ४. हे सगळे आकडे ३१ मार्चला जुळले की पुरते. वर्षभरात कोणत्या दिवशी किती वाजता किती वीज आली, हे त्यात दिसत नाही. दुपारी बारा वाजता उतू जाणारे युनिट आणि संध्याकाळी साडेसातला हवे असलेले युनिट यांचे वजन तिथे एकच धरले जाते. फीडरवर ते एक नसते, हे आपल्यापैकी कोणालाही सांगायला नको.

मीरा-भाईंदरची वस्ती २००१च्या जनगणनेत ५ लाख २० हजार होती, २०११मध्ये ८ लाख ९ हजार झाली. त्यानंतर मिठागरांच्या कडेपर्यंत मनोरे उभे राहिले आहेत. मुंबईची कमाल मागणी कार्यालयांमुळे दुपारची असते. आमचे शहर निवासी आहे. इथली माणसे सकाळी लोकलने जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. एकेका लोकलमधून हजारो माणसे उतरतात आणि पुढच्या अर्ध्या तासात लिफ्ट, पाण्याचे पंप, मिक्सर, टीव्ही आणि एसी एकदमच सुरू होतात. मे महिन्यात एसीचा हा भार मध्यरात्र उलटून जाईपर्यंत उतरत नाही. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांचा भार दिवसाचा असतो, तो सूर्याशी जुळवून घेता येईल. उत्तन, पाली, चौकच्या कोळ्यांना लागणारा बर्फही दिवसा गोठवून ठेवता येईल, कारण बर्फ ही साठवणच आहे. ऐंशीतल्या आजीबाईंना अकराव्या मजल्यावर नेणारी लिफ्ट मात्र संध्याकाळची थांबवून दुपारी चालवता येत नाही.

तासाइतकेच महत्त्व महिन्याला आहे. आपल्याकडे वारा ऋतूचा असतो. मेच्या अखेरीस तो उठतो, आषाढ-श्रावणात जोरात वाहतो आणि भाद्रपदानंतर ओसरतो. सूर्य ढगांआड असतो तेव्हाच पवनचक्क्या भरून देतात, म्हणून सौर आणि पवन एकमेकांना पूरक असतात. हे खरे आहे, पण पावसाळ्यापुरतेच. साताऱ्याच्या वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघरच्या पठारांवर उभे राहिले की या जोडीतला तिसरा भिडूही दिसतो. खाली कोयनेचा शिवसागर आहे. बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणजे १,९६० मेगावॅटच्या त्या प्रकल्पाला क्षमतेची नाही, पाण्याची टंचाई असते. जुलैत पठारावर वाऱ्याने तयार झालेले प्रत्येक युनिट त्या ६७.५मधले थोडे पाणी ऑक्टोबरसाठी किंवा मेसाठी राखून ठेवू शकते. ही साठवण कोणी वेगळी बांधलेली नाही, ती नियोजनातून मिळते. आणि तिथल्या पवनचक्क्या? त्यांतल्या कित्येक ३५० किलोवॅट किंवा त्याहून लहान आहेत, उत्तम वाऱ्याच्या जागा अडवून उभ्या आहेत. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने जुन्या पवनचक्क्या बदलण्याचे धोरण आणले. जमिनीची तुकड्यातुकड्यांतली मालकी आणि जुने करार यांतून वाट काढायची तर राज्याला हात घालावा लागेल. जैसलमेरहून हजार किलोमीटर वीज आणण्याची जिद्द आपण दाखवली, तर साताऱ्यासाठीही ती दाखवता येईल.

ऑक्टोबर हा आमच्या मते मुंबई परिसराचा खरा परीक्षेचा महिना आहे. वारा गेलेला, उकाडा परतलेला, मासेमारी भरात, सण तोंडावर, आणि संध्याकाळ लवकर होऊ लागलेली. १२ ऑक्टोबर २०२० हा दिवस वाचक विसरले नसतील. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. कळवा-पडघा भागातल्या वाहिन्यांपैकी एक देखभालीसाठी बंद होती, दुसरी बाद झाली, भार खारघरच्या बाजूला सरकला आणि तीही वाट तुटली. बाहेरचे जाळे कोसळले तर मुंबईला बेटासारखे वेगळे ठेवणारे, १९८१पासून भरवशाचे मानलेले आयलंडिंग त्या दिवशी टिकले नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस होते, रुग्णालयांत व्हेंटिलेटर सुरू होते. आमच्या इमारतीत शेजारच्या काकांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू होता. त्यांच्या मुलाने त्या दिवशी सिलिंडरसाठी केलेली धावपळ आठवली की अजूनही घसा कोरडा पडतो. विजेचा प्रश्न आम्ही टक्क्यांत मोजायला तयार नाही, त्याचे हे एक कारण.

पुन्हा प्रवाह उभारताना टाटांची जलविद्युत एकके कामाला लागली. जलविद्युतचा हा गुण कोणत्याही वार्षिक टक्क्यात बसत नाही. झडप उघडली की काही मिनिटांत यंत्र पूर्ण भाराला येते, आणि ते सुरू करायला बाहेरून फारशी वीजही लागत नाही. खोपोलीचे केंद्र १९१५चे, भिवपुरीचे १९२२चे, भिऱ्याचे १९२७चे. भिऱ्याच्या १५० मेगावॅट उदंचन एककासह सगळे मिळून ४४७ मेगावॅट. ट्रॉम्बेचे ९३० आणि डहाणूचे ५०० मेगावॅट औष्णिक त्यात मिळवले, तर मुंबईच्या आवाक्यातली निर्मिती १,९०० मेगावॅटच्याही खालीच राहते आणि मागणी ४,००० ओलांडते. बाकी सगळी वीज तारांवरून येते. खारघर-विक्रोळीची ४०० केव्ही वाहिनी आणि कुडूस ते आरे ही १,००० मेगावॅटची एकदिश वाहिनी यांचे महत्त्व त्यातच आहे. तरीही तार म्हणजे निर्मिती नव्हे. कोळसा मागे सारायचा तर शहराच्या जवळ, हाताशी असलेली शक्ती कशी उभी करायची, याचे उत्तर पाणी आणि बॅटरी यांनाच द्यावे लागेल.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. घनमीटरभर पाणी ५०० मीटर खाली आले, तर यंत्रातली गळती वजा जाता सव्वा युनिट वीज देते. सोसायटीच्या गच्चीवरची बारा हजार लिटरची टाकी एवढ्या उंचीवर नेली तर पंधरा युनिट. सह्याद्रीचा कडा म्हणूनच मोलाचा आहे. इतकी उंची इतक्या जवळ फार थोड्या शहरांना लाभते. उदंचन प्रकल्पात तेच पाणी दुपारच्या स्वस्त विजेवर वर चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडायचे. चार युनिट घालून तीन-सव्वातीन परत मिळतात. २००८पासून चालू असलेल्या २५० मेगावॅटच्या घाटघर प्रकल्पाने हे काम आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवले आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये टाटा पॉवरने शिरवट्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. भीमेच्या खोऱ्यातले पाणी कोकणात उतरवण्यावरून पुणे-सोलापूरचा जो जुना राग आहे, त्याला उदंचन काही अंशी उत्तर देते, कारण तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते. पण प्रवाह बदलला की खालच्यांचे जगणेही बदलते. भिऱ्याहून सुटणाऱ्या पाण्यावर कुंडलिकेच्या काठची गावे, कारखाने आणि कोलाडचे नौकाविहार अवलंबून आहेत. खाली सोडायच्या पाण्याचे वेळापत्रक ठरवताना त्यांना विचारले गेले पाहिजे.

आणि मुळशी. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्यांची जमीन पाण्याखाली गेली आणि मुंबई उजळली. आपल्या व्यवसायाच्या इतिहासात खोपोली-भिऱ्याचा अभिमानाने उल्लेख होतो, मुळशीचा क्वचितच. नव्या जलाशयांचे आराखडे काढणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने मुळशीचा इतिहास वाचावा, आणि पुनर्वसनाचा कागद टर्बाइनच्या कागदाआधी पूर्ण करावा.

उदंचन प्रकल्प उभा राहायला बरीच वर्षे लागतात. बॅटरी वर्ष-दीड वर्षात उभी राहते, आणि तिची किंमत ज्या वेगाने कोसळली तो वेग आमच्या पिढीने दुसऱ्या कोणत्याच यंत्रात पाहिला नाही. २०२२मध्ये सेकी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या निविदेत दोन तासांच्या बॅटरीला मेगावॅटमागे महिन्याला १० लाख ८३ हजार रुपये भाडे निघाले होते. २०२४च्या मार्चमध्ये गुजरातेत ४ लाख ४९ हजार. त्यानंतरच्या निविदा, अनुदान धरून, त्याच्याही निम्म्यावर आल्या. दिल्लीत २०१९मध्ये रोहिणीला १० मेगावॅटची आणि २०२५मध्ये किलोकरीच्या ३३ केव्ही उपकेंद्रात २० मेगावॅट, ४० मेगावॅट-तासांची बॅटरी बसली. मुंबईत टाटा पॉवरला १० ठिकाणी मिळून १०० मेगावॅटची परवानगी राज्य वीज नियामक आयोगाने दिली आहे.

मीरा-भाईंदरचे नाव अशा यादीत ठळकपणे यावे, असे आम्हाला वाटते. हे शहर वितरण क्षेत्राच्या उत्तर टोकाला आहे, संध्याकाळच्या भाराचे आहे, आणि इथे टाटा आणि अदानी या दोघांचाही परवाना चालतो. आजचा वीस फुटी कंटेनर साधारण ५ मेगावॅट-तास साठवतो. किलोकरीएवढी बॅटरी म्हणजे आठ कंटेनर, शिवाय इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर. उपकेंद्राच्या आवारात एवढी जागा काढणे कठीण आहे, अशक्य नाही. कठीण गोष्टी वेगळ्याच आहेत. खाडी आणि मिठागरांवरून येणारी खारी हवा बसबारपासून पंख्यापर्यंत सगळे खाते. दमट उकाड्यात बॅटरी थंड ठेवायलाच बरीच वीज जाते, ती वजावट कार्यक्षमतेच्या आकड्यात प्रामाणिकपणे दाखवली पाहिजे. २६ जुलै २००५च्या पुरात उपकेंद्रांत पाणी शिरले आणि उपनगरांचे काही भाग अनेक दिवस अंधारात राहिले, तेव्हा जोत्याची उंची त्या दिवसाच्या पाण्यावरून ठरवा. आगीचेही तसेच आहे. जानेवारी २०२५मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगला बॅटरीचे अख्खे दालन पेटले आणि परिसर रिकामा करावा लागला. एका छताखाली बॅटऱ्यांची दाटी होती. उघड्यावर, अंतर राखून, अग्निशमन दलाला आधी नकाशा दाखवून आणि शेजारच्या सोसायट्यांना बोलावून सगळे समजावून बसवलेली बॅटरी ही वेगळी गोष्ट आहे. शेजाऱ्यांना अंधारात ठेवून बसवू नका. त्यांचा विरोध झाला तर तो रास्तच असेल.

एक गैरसमज आमच्याच वर्तुळात दिसतो, म्हणून लिहितो. शंभर मेगावॅटची बॅटरी म्हणजे शंभर मेगावॅटचे केंद्र नव्हे. दोन तासांनंतर ती रिकामी असते. मेच्या रात्रीला पाच-सहा तासांचा आधार लागतो, तो उदंचनाचा प्रांत आहे. श्रावणातल्या आठवडाभराच्या ढगाळ हवेला दोन्ही अपुरे, तिथे वारा हवा. बॅटरीचे खरे मोल पहिल्या काही सेकंदांत आणि संध्याकाळच्या चढाच्या दोन तासांत आहे, आणि आयलंड फुटू लागले तर ते सावरण्यात आहे. १२ ऑक्टोबरला शहरात ठिकठिकाणी अशा बॅटऱ्या असत्या तर निदान रुग्णालयांचे आणि रेल्वेचे फीडर धरून ठेवण्याचा प्रयत्न करता आला असता. आयोगासमोर प्रस्ताव नेताना केवळ स्वस्त दुपार आणि महाग संध्याकाळ यांच्या फरकावर बॅटरीचे अर्थशास्त्र मांडू नये. तारेवरचा ताण कमी होतो, ट्रान्सफॉर्मर बदलणे लांबते, अंधारातून उठण्याची ताकद येते, याचीही किंमत लावून दाखवावी.

वितरण कंपन्यांकडे आमची मागणी एवढीच आहे: वार्षिक टक्क्याच्या शेजारी तासागणिक टक्का छापा. संध्याकाळी सात ते अकरा या वेळात नवीकरणीय वाटा किती होता, महिनावार. हा आकडा आज लहान निघेल, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तो डोळ्यांसमोर असला की साताऱ्याच्या जुन्या पवनचक्क्या, शिरवट्याचे पाणी आणि भाईंदरच्या उपकेंद्रातले कंटेनर हे तीन वेगळे प्रकल्प राहणार नाहीत, एकाच संध्याकाळची तयारी ठरतील.

पुढच्या अंकासाठी वाचकांना विनंती आहे. आपापल्या कंपनीच्या परवानगीने, आपण सांभाळता त्या एका निवासी फीडरचा ऑक्टोबरमधल्या कोणत्याही एका आठवड्याचा पंधरा-पंधरा मिनिटांचा भार-आलेख आम्हाला पाठवा. ग्राहकांची नावे नकोत, उपकेंद्राचे नावही गाळले तरी चालेल. त्यावरून मीरा रोड-भाईंदरच्या संध्याकाळला नेमकी किती मेगावॅटची, किती तासांची साठवण लागेल, याचे गणित उघडपणे मांडण्याचा आमचा विचार आहे.