प्रकाशक : वामन बळीराम लाखे

शाळेतला जुना सोबती गेल्याची बातमी आता बहुधा मोबाइलवरच येते. तिच्याखाली जोडलेल्या हातांची चित्रे येतात, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येते, आणि मनमिळाऊ, हसतमुख, सदैव मदतीला धावणारा ही विशेषणे येतात. लिहिणाऱ्यांचे दुःख खोटे असते असे मी मुळीच म्हणणार नाही. पण ही विशेषणे कुणालाही लावता येतात, म्हणून गेलेल्या त्या एका माणसाबद्दल ती काहीच सांगत नाहीत. वर्गसोबत्याचे स्मरण त्याचे गुण मोजून होत नाही. आपण मिळून काय केले, त्यातले काय साधले आणि काय फसले, हे सांगितले तरच ते होते, असे मला ठामपणे वाटते. यासाठी रायपूरजवळच्या उरला या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्याला फार लांब जावे लागत नाही. रायपूर शहरातच दोन मराठी शाळासोबत्यांचे उदाहरण आहे.

माधवराव सप्रे १८७१चे, वामनराव लाखे १८७२चे. सप्रे दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचे, लाखे रायपूरचेच. रायपूरच्या शाळेत दोघांची गाठ पडली आणि पुढे दोघांनी हिंदी मासिक काढायचे ठरवले. त्या वेळी या भागात वृत्तपत्राची परंपरा नव्हती, हाताशी चांगला छापखाना नव्हता, वाचक किती मिळतील याचा भरवसा नव्हता. सप्र्यांनी पेंड्राच्या राजकुमाराची शिकवणी धरून पैसे साठवले. जानेवारी १९००मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’चा पहिला अंक निघाला. संपादक म्हणून रामराव चिंचोलकर आणि माधवराव सप्रे यांची नावे होती. प्रकाशक होते वामन बळीराम लाखे. हिंदीतल्या अगदी सुरुवातीच्या कथांमध्ये जिची गणना होते ती सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१मध्ये याच मासिकात आली. मासिक तीन वर्षे चालले आणि पैशाअभावी १९०२च्या अखेरीस बंद पडले. आज साहित्याच्या इतिहासात त्या कथेमुळे सप्र्यांचे नाव घेतले जाते, आणि ते घेतलेच पाहिजे. पण प्रकाशकाची जबाबदारी कुणीतरी उचलली म्हणून ती कथा छापली गेली, हे त्याच वाक्यात सांगितले जात नाही. सप्र्यांची आठवण लाख्यांना वगळून सांगितली की ती अपुरीच राहते, असे माझे मत आहे. आणि लाख्यांचीही तशीच. वकिलीबरोबर त्यांनी पुढे रायपुरात सहकारी बँकेची चळवळ उभी केली, सरकारने दिलेली ‘रायसाहेब’ ही पदवी असहकाराच्या काळात परत केली, १९३०च्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. तिसाव्या वर्षाच्या आत एका तोट्यातल्या मासिकाची जबाबदारी घेतलेला हाच माणूस होता, हे कळले की पुढच्या गोष्टी जास्त समजतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, काय फसले ते कशाला सांगायचे? गेलेल्याबद्दल चांगलेच बोलावे ही आपल्याकडची रीत आहे आणि तिच्यात माणुसकी आहे. ज्या घरात सुतक चालू आहे तिथे हिशेब मांडू नये, हे मलाही मान्य आहे. पण सुतक संपते, स्मरण पुढे वर्षानुवर्षे चालते. सप्र्यांनी १९०७मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. ऑगस्ट १९०८मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, आणि घरच्यांच्या दडपणाखाली माफी लिहून दिल्यावर त्यांची सुटका झाली. ही गोष्ट झाकून ठेवली तर पुढची वर्षे कळतच नाहीत. त्या माफीचा त्यांना इतका पश्चात्ताप झाला की ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, रामदासी पंथाच्या आश्रयाला गेले, मधुकरी मागून राहिले. दासबोधाचा आणि टिळकांच्या गीतारहस्याचा हिंदी अनुवाद या पश्चात्तापानंतरच्या काळातला आहे. ज्याला आपण त्यांची थोर कामगिरी म्हणतो, तिच्यामागे हे दुखणे आहे. ते गाळून उरणारा सप्रे निष्कलंक दिसेल, पण तो खरा नसेल. माखनलाल चतुर्वेदींसारखे शिष्य सप्र्यांना गुरू मानत. शिष्याला गुरू वरच दिसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. सोबत्याला मात्र माणूस बरोबरीने दिसतो. म्हणून पडण्याची गोष्ट प्रेमाने सांगण्याचा अधिकार सोबत्याचाच असतो, आणि माझ्या मते ती त्याची जबाबदारीही असते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ‘आम्ही मिळून’ असे म्हणत सांगायला लागले की सांगणारा हळूहळू स्वतःचेच सांगू लागतो. श्रद्धांजली गेलेल्याला आणि मोठेपण बोलणाऱ्याला. शोकसभांत हे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय एकच दिसतो. आपण केलेले कमी आणि आपल्याला मिळालेले जास्त सांगावे. आणि स्मरण बोलण्यावाचून कामातूनही करता येते. २३ एप्रिल १९२६ रोजी सप्रे गेले, लाखे त्यानंतर १९४८पर्यंत होते. या बावीस वर्षांत त्यांनी तुरुंगवास पत्करला आणि सहकाराचे कामही चालूच ठेवले. १९२१मध्ये रायपुरात राष्ट्रीय विद्यालय सुरू झाले तेव्हा त्यामागे हे दोघेही होते. त्यातला एक गेल्यावर दुसऱ्याने सार्वजनिक काम सोडले नाही. सोबत्याला दिलेली याहून चांगली मानवंदना मला सुचत नाही.

तिसरा आक्षेप उरल्यातून येईल आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सप्रे-लाखे मोठी माणसे. त्यांच्या नावाच्या शाळा रायपुरात आहेत, लाखेनगर आहे. इथे रोलिंग मिलमध्ये, स्पंज आयर्नच्या भट्टीवर शिफ्टमध्ये राबणाऱ्याने कुठले मासिक काढलेले असते? काढलेले नसतेच, आणि म्हणूनच त्याच्या सोबत्याची गरज जास्त आहे. सप्र्यांचे अंक ग्रंथालयात आहेत. गोंदिया-भंडाऱ्याकडून रेल्वेने येऊन इथे आयुष्य काढलेल्या फिटरचे काय उरते? हजेरीपटावर नाव, पीएफचा क्रमांक, शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारीख. तो गणितात पुढे असूनही दहावीनंतर शाळा का सुटली, कुणाची फी कुणी भरली, गावच्या नाटकात त्याने कोणते सोंग घेतले, हे कुठल्याच कागदावर नसते. आईवडील गेलेले असतात, मास्तर गेलेले असतात. बायको-मुलांना तो कामाला लागल्यानंतरचाच माहीत असतो. त्याच्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांचे साक्षीदार उरतात ते वर्गातले चार-सहा जण, आणि तेही एकेक करून कमी होत जातात. मोठ्या माणसाच्या बाबतीत सोबत्याची आठवण ही इतिहासात भर असते. साध्या माणसाच्या बाबतीत बहुधा तेवढाच इतिहास असतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या वर्गातले कुणी गेले असेल तर ग्रुपवर हात जोडून थांबू नका. शाळेचे नाव, साल, मास्तरांचे नाव, तुम्ही दोघांनी मिळून केलेली एखादी गोष्ट, ती फसली असली तरी, एका कागदावर लिहा. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, छत्तीसगढीत लिहा. खाली तारीख घाला, सही करा, आणि तो कागद त्याच्या मुलांच्या हातात नेऊन द्या.