बीपी काही सांगून येत नाही

"मला काय धाड भरलीये? डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही." अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या एका ताईंचं हे ठरलेलं उत्तर. तपासलं तेव्हा वरचं बीपी १७० निघालं होतं. महिनाभर गोळ्या घेतल्या आणि बरं वाटतंय म्हणून बंद केल्या. गेल्या पावसाळ्यात भाकरी थापता थापता उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. घरच्यांनी 'वारं गेलं' म्हणून दुपारपर्यंत तेल चोळलं. अशा झटक्यात गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, हे कुणाला ठाऊक होतं?

मैत्रिणींनो, बीपीची लक्षणं विचारता ना? बहुतेकींना ती नसतातच. आत मात्र मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळे झिजत राहतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या २१ टक्के स्त्रियांना हा त्रास आढळला. म्हणजे पाचजणींत एक! १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा वेगवेगळ्या दिवशी आला, तर ते बीपीच. बरं वाटतं ते गोळीमुळे. ती मनानं सोडायची नाही.

सरकार काहीच करत नाही असं नाही. २०२२ च्या नवरात्रात राज्यानं 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' मोहीम काढली. २०२५ मध्ये १७ सप्टेंबरपासून २ ऑक्टोबरपर्यंत देशभर 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियान झालं. मोफत तपासणी, चांगलंच आहे. पण शिबिर भरतं दिवसा, आणि आमच्या बायका तेव्हा मशीनवर! खाडा पडला की रोजगार बुडतो. मग कोण जाणार? तपासणी पाळी सुटताना गेटवरच व्हायला हवी, आणि पंधरवड्यापुरती नको, दर महिन्याला हवी. मालकांनाही हे काही जड नाही.

मिठाचं बोलले की बायका हसतात. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. आपल्या सोलापुरी डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, वर लोणचं-पापड... हिशेब तुम्हीच करा.

आमच्या बचत गटानं आता मशीन घेतलंय. पाच मिनिटं शांत बसवून मोजतो. पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांत जास्त आकडा आला तो इतरांना रांगेत उभं करणाऱ्या बाईचा. म्हणजे माझाच!