दिवा लागला म्हणजे निकाल लागला नव्हे

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, कर, वखारी व वाहतूक यांविषयी जाणत्या सभासदांचे लेख येत असतात. यंदा संपादक मंडळाने आम्हांसही चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. आम्ही जो विषय निवडला आहे तो पाहून कित्येकांस हसू येईल. विषय आहे जुन्या मोटारीच्या इंजिनातील सेन्सरांचा. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, यंत्रविद्येशी आमचा संबंध वजनकाट्यापुरता. तरीही हा विषय घेतला, कारण अशा एका बिघाडाने आमचा पैसा तर खाल्लाच, शिवाय आमच्या हातून एका प्रामाणिक माणसावर अन्याय करविला. पैसा पुन्हा मिळविता येतो. दुसऱ्या हानीची खतावणी कोणत्या पानावर मांडावी हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

आमच्या वडिलांच्या काळी मोटार बंद पडली तर बॉनेट उघडून चार माणसे भोवती उभी राहत. प्लगवरील काजळी पॉलिशकागदाने घासावी, कार्बुरेटरची जेट फुंकून साफ करावी, पंख्याचा पट्टा ओढून पाहावा, एवढ्यावर काम भागत असे. बिघाड डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई, नाकाला कळे. आता इंजिनाचा कारभार एका लहानशा संगणकाकडे गेला आहे. हा संगणक स्वतः काही पाहत नाही. त्याचे मुनीम ठिकठिकाणी बसविलेले असतात, तेच सेन्सर. एक पाण्याची उष्णता कळवितो, एक आत येणाऱ्या हवेचा दाब किंवा प्रमाण कळवितो, एक धुराड्यातील प्राणवायू मोजतो, आणि एक इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, कोणत्या क्षणी कोठे आहे हे सांगतो. या बातम्यांवरून संगणक पेट्रोल किती सोडावे व ठिणगी केव्हा पाडावी हे ठरवितो. एखादी बातमी चुकली अथवा आलीच नाही, तर तो आपल्या स्मरणात एक सांकेतिक क्रमांक नोंदवितो आणि चालकासमोर पिवळा दिवा लावतो. अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या मोटारींस अशी प्रमाणित योजना सक्तीची झाली. आपल्या देशात तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये व दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आला. म्हणून त्यानंतरच्या मोटारीत सुकाणूखालच्या भागात सोळा पिनांचे एक तोंड असते. तेथे यंत्र जोडले की तो क्रमांक वाचता येतो.

येथवर सर्व उत्तम आहे. घोटाळा होतो तो पुढे. गॅरेजमध्ये यंत्र लागते, क्रमांक येतो, त्या क्रमांकासोबत एका सेन्सराचे नाव येते, आणि मेस्त्री म्हणतो, "शेटजी, हा सेन्सर गेला." आपण मान डोलावितो. वस्तुतः तो क्रमांक सेन्सर गेला असे म्हणतच नाही. पी ०३३५ हा क्रमांक घ्या. त्याचा अर्थ क्रँकशाफ्टच्या सेन्सराच्या सर्किटमध्ये दोष आहे, एवढाच. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचे प्लग, त्याच्या तारा, जमिनीची जोडणी आणि संगणकापर्यंतचा सारा रस्ता. मुंबईहून हुंडी पोहोचली नाही म्हणून मुंबईच्या पेढीचे दिवाळे वाजले असे आपण म्हणत नाही. वाटेत टपाल हरवले असेल, असाही विचार करतो. मोटारीच्या बाबतीत मात्र हा विचार आपणांस सुचत नाही.

आता आमची हकीकत. २०१४ साली घेतलेली आमची पेट्रोलची मोटार नऊ वर्षे निमूटपणे चालली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरहून बेळगावास परतताना निपाणी सोडली आणि तवंदी घाटाच्या चढावर इंजिन अकस्मात बंद पडले. पाऊस कोसळत होता, मागे मालमोटारींची रांग होती, आणि आमच्यासोबत कुटुंब व सहा वर्षांची नात होती. चालकाने हाताचा ब्रेक ओढून गाडी सावरली व पुन्हा चावी फिरविली. इंजिन सुरू झाले. पुढे घरापर्यंत काही झाले नाही. पण त्या दोन मिनिटांत नातीने आमचा हात जो घट्ट धरला होता, तो तिने घरी येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पी ०३३५ हा क्रमांक निघाला व सेन्सर बदलण्यात आला. दहा दिवसांनी गाडी चढावर पुन्हा बंद पडली. सेन्सर हलक्या प्रतीचा असावा, असे म्हणून दुसरा बसविला. त्यानंतर पेट्रोलचा पंप बदलला, मग धुराड्यातील प्राणवायूचा सेन्सर बदलला. एकूण एकोणीस हजार रुपये झाले. दर खेपेस मेस्त्री स्मरणातील क्रमांक पुसून टाकी, दिवा विझे, आणि आम्ही समाधानाने घरी येऊ. अखेरीस तो म्हणाला, "शेटजी, आता गाडीत काही राहिलेले नाही. पेट्रोलमध्येच भेसळ असणार."

या एका वाक्याने आमची बुद्धी फिरली. पेट्रोल भरण्यास कोण जातो? आमचा चालक. एकोणीस वर्षे आमच्याकडे असलेला, आमच्या मुलांना शाळेत पोहोचविलेला, वसुलीच्या रकमा निःशंकपणे घेऊन आलेला माणूस. त्यास आम्ही पेढीवर, दोन हमालांच्या देखत विचारले, "पेट्रोल कोठून भरतोस, आणि पैसे कोठे जातात?" त्याने उत्तर दिले नाही. खिशातील किल्ली काढून आमच्या रोजकीर्दीवर ठेवली आणि तो निघून गेला.

गाडी मात्र बंद पडतच राहिली. शेवटी एका स्नेह्याने उद्यमबागेकडील एका तरुण यंत्रज्ञाचे नाव सुचविले. त्याने आरंभीच सांगितले, "काका, सुटा भाग विकणे हे माझे काम नव्हे. तपासणीचे आठशे रुपये घेईन. दोष सापडो वा न सापडो." आम्हांस ते जरा उद्धट वाटले. मग त्याने यंत्र जोडले व केवळ क्रमांक न वाचता त्याच्यासोबत साठविलेली त्या क्षणाची नोंद वाचली. इंजिनाचे फेरे, भार, उष्णता, गाडीचा वेग हे सारे तेथे असते. आम्ही भेसळीची शंका सांगितली. तो म्हणाला, "भेसळ असती तर इंजिन ठोके देते, ओढ कमी होते, ठिणग्या चुकतात. क्रँकशाफ्टच्या चाकाची खूण काही पेट्रोलने पुसली जात नाही. गाडी रोज कोण चालवितो? त्यांना घेऊन या."

आम्ही क्षणभर गप्प राहिलो. मग जे घडले ते सांगावे लागले.

त्याच सायंकाळी आम्ही चालकाच्या घरी गेलो. काय बोललो ते येथे लिहीत नाही. त्याच्या पत्नीने पाणी आणून दिले. तो शर्ट घालून सायकलीवरून आमच्याआधी गॅरेजमध्ये पोहोचला. तेथे यंत्रज्ञाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी तयार होते. गाडी सपाटीवर कधी बंद पडत नाही. गावातील गर्दीत तासभर तापली तरी बंद पडत नाही. चढावर, तिसऱ्या गिअरात, पाय दाबला की बंद पडते. आणि थांबून चावी फिरविली की लगेच सुरू होते, गार होण्याची वाट पाहावी लागत नाही. आम्ही त्यास म्हणालो, "हे तू आम्हांस आधी का सांगितले नाहीस?" तो म्हणाला, "मालक, तुम्ही मला विचारलंच नाही."

यंत्रज्ञाच्या दृष्टीने अर्धा निकाल येथेच लागला. क्रँकशाफ्टचा सेन्सर खरोखर थकलेला असला तर तो बहुधा उष्णतेने दगा देतो, आणि गार झाल्यावरच ताळ्यावर येतो. येथे उष्णतेचा संबंध नव्हता. संबंध होता ओढीचा. चढावर जोर पडला की इंजिन आपल्या रबरी बैठकांवर किंचित कलते आणि त्यासोबत तारांचा जुडगा ताणला जातो. त्याने बॅटरीचा व जमिनीच्या पट्टीचा दाब मोजला. तो ठीक निघाला. मग इंजिन मंद चालू ठेवून तारांचा जुडगा हाताने ठिकठिकाणी हलकेच हलविला. एका जागी हात लागताच इंजिन बंद पडले. वरचे आवरण सोडले तेव्हा तार उंदराने कुरतडलेली दिसली. तांब्याचे दोन-तीन केस तेवढे शिल्लक होते, तेही हिरवे पडलेले. आमची मोटार रात्री वखारीच्या छपराखाली उभी असते. धान्य आमचे, उंदीर आमच्या धान्यावर पोसलेले, आणि चोर म्हणून आम्ही पकडले भलत्यालाच!

तार कापून नव्या तुकड्याने सांधली, डाख दिला, वर आकसणारी नळी चढविली आणि जुडगा जरा सैल ठेवून बांधला. खर्च साडेतीनशे रुपये, तपासणीचे आठशे वेगळे. त्यानंतर त्या गाडीचा दिवा लागलेला नाही.

यावरून आमचे जे मत झाले आहे ते आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे नम्रपणे ठेवितो. जुन्या मोटारीत सेन्सराचा दोष वारंवार उद्भवत असेल तर सेन्सराइतकीच, किंबहुना अधिक, शंका तारांची, प्लगांची व जमिनीच्या जोडणीची घ्यावी. आपल्याकडील पावसात प्लगांच्या पितळी जिभांवर गंज चढतो. बारा-पंधरा वर्षांनी प्लॅस्टिक ठिसूळ होते. प्रथम बॅटरी पाहावी. इंजिन बंद असता भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट, व चालू असता सर्वसाधारणपणे पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट असावा. हा पायाच कच्चा असेल तर एकाच वेळी चार सेन्सर दोषी दिसू लागतात. पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर साध्या मीटरने पारखता येतो. पुष्कळ गाड्यांत तो २० अंशांस दोन-अडीच हजार ओहम व ८० अंशांस तीनशेच्या आसपास दाखवितो. मिश्रणात पेट्रोल कमी आहे असा पी ०१७१ हा संकेत आला तर प्राणवायूचा सेन्सर बदलण्यापूर्वी हवेची एखादी रबरी नळी चिरली आहे काय हे पाहावे. पुष्कळदा तो बिचारा सेन्सर खरे तेच सांगत असतो, आणि खरे सांगितल्याबद्दल आपण त्यालाच काढून टाकतो.

दुसरी गोष्ट, क्रमांक लिहून घेतल्यावाचून व त्या क्षणाची नोंद पाहिल्यावाचून तो पुसू देऊ नये. बॅटरीची तार सोडल्यानेही ही नोंद बहुधा नाहीशी होते. दिवा विझविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. थकबाकीचे पान फाडल्याने उधारी वसूल होत नाही, हे आपणांस कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. आपण व्यापारी वस्तूचे मोल सहज देतो, परंतु विचाराचे मोल देताना आपला हात आखडतो. सेन्सराची डबी हाती आली की दोन हजार देताना काही वाटत नाही, पण दोन तास डोके लावून तपासणाऱ्यास आठशे देणे जड जाते. मग मेस्त्रीही काय करील? ज्याचे पैसे मिळतात तेच तो करतो, भाग बदलतो. आम्ही त्या पहिल्या मेस्त्रीस दोष देत नाही. तपासणीची मजुरी आम्ही त्यास कधी देऊ केली नव्हती. आपणच पोत्यातून मूठभर नमुना काढून तळहातावर पाहिल्याशिवाय एक क्विंटल गहू घेत नाही, आणि मोटारीच्या बाबतीत मात्र नमुना न पाहता सौदा करतो.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, जुनी गाडी विकून नवी घ्यावी. परंतु १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि नव्या गाड्यांवर पहारा वाढला आहे, कमी झालेला नाही. आज जी शिस्त आपण जुन्या गाडीपाशी शिकणार नाही, ती उद्या नव्या गाडीपाशी अधिक महाग पडेल.

आमचा चालक पुन्हा कामावर येतो. ज्या दोन हमालांच्या देखत आम्ही त्याच्यावर आळ घेतला होता, त्यांच्याच देखत आम्ही आपली चूक सांगितली. तेवढे तरी आमच्या हाती होते. गाडी आता वखारीपासून दूर, अंगणात उभी असते. तिच्या कप्प्यात एक लहान वही ठेविली आहे. दिवा केव्हा लागला, चढ होता की सपाटी, इंजिन गार होते की तापलेले, हे त्याने आपल्या अक्षरात लिहावयाचे, आणि आम्ही गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी वाचावयाचे, असा परिपाठ ठरला आहे. पूर्वीप्रमाणे तो आमच्याशी मोकळेपणाने हसत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. तार एका तासात सांधता आली. हे काम त्याहून सावकाश होणारे आहे, आणि त्याची घाई करण्याचा अधिकार आम्हांस नाही.