तीन दिवसांचे 'पंचकर्म'

दिवाळीनंतर आमच्या एका सभासद वैद्यांकडे अकोल्याचाच एक तरुण आला. पुण्यात नोकरी करणारा हा मुलगा पाठीवर एक पिशवी टाकून एकटाच गोव्यात, पेडणे तालुक्यातील हरमलला चार दिवस राहून आला होता. सकाळी सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचे शिक्षण आणि दुपारी किनाऱ्याजवळच्या एका केंद्रात 'तीन दिवसांचे संपूर्ण पंचकर्म'. परतला तो अरुची, पोटात जडपणा आणि अंगमर्द घेऊन. "पंचकर्म तर झाले, मग भूक का लागत नाही?" हा त्याचा प्रश्न होता.

वैद्यबंधूंना हिशेब सांगण्याची गरज नाही. तरीही तो मांडतो. मृदुकोष्ठी रुग्णालाही स्नेहपानास तीन दिवस लागतात, क्रूरकोष्ठीस सात. त्यानंतर विरेचनापूर्वी अभ्यंग-स्वेदनाचे तीन दिवस, एक दिवस विरेचनाचा आणि शुद्धीनुसार तीन, पाच वा सात दिवसांचा संसर्जनक्रम. म्हणजे एकट्या विरेचनालाच कमीत कमी दहा दिवस हवेत, एरवी अठरा. ज्याचा मुक्कामच चार दिवसांचा, त्याला शोधन देता येत नाही, मग वैद्य कितीही निष्णात असो.

याहून मोठी अडचण परिहाराची आहे. चरकाचार्यांनी शोधनानंतर वर्ज्य सांगितलेल्या आठ गोष्टी आठवाव्यात : उच्च स्वरात बोलणे, वाहनाचे धक्के, अतिचंक्रमण, एकाच जागी फार बसणे, अजीर्ण, अहित भोजन, दिवास्वाप आणि मैथुन. भाड्याची स्कूटर, रात्रीचे संगीत, उशिराचे जेवण आणि दुपारची झोप असा दिनक्रम असलेल्या प्रवाशाच्या सुटीत यातील बहुतेक गोष्टी आपसूकच येतात. त्यात आमचा वऱ्हाडी तरुण जांगल देशातून थेट आनूप देशात गेलेला.

हे सारे व्यवसाय बंद करावेत, असे काही सभासदांचे मत आहे. आम्हांस ते मान्य नाही. लाटांशी झुंजून थकलेल्या शरीराला तिळाच्या तेलाचा अभ्यंग आणि नंतर उष्णोदकाचे स्नान ही उत्तम सेवा आहे. तिला अभ्यंग म्हणावे आणि तेवढेच मूल्य घ्यावे. मात्र अभ्यंगही अजीर्णात निषिद्ध आहे. या तरुणाला तीन दिवसांत कोणी जीभ दाखवावयास सांगितली नाही, की आदल्या रात्रीचे अन्न पचले का, हे विचारले नाही. दोष येथे आहे.

त्याच पेडणे तालुक्यात धारगळ येथे डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. २०२३ मध्ये केंद्र शासनाने परदेशी रुग्णांसाठी आयुष व्हिसा आणला. एकीकडे ही तयारी आणि दुसरीकडे किनाऱ्यावरील पाट्या, यांत प्रवाशाने भेद कसा करावा? गोव्याकडे बोट दाखविताना आपल्याच शहरांतील 'सात दिवसांत संपूर्ण शरीरशुद्धी' असे फलकही आम्हांस दिसतात, हेही नमूद करणे भाग आहे.

औषधी दुकानदार बंधूंसाठी एक वेगळी गोष्ट. या तरुणाजवळ लेबल नसलेल्या गोळ्यांची पुडी होती. तीत काय आहे, हे आमच्या सभासदांस सांगता येईना. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा आपण शोधन-मारणाच्या प्रक्रियेचा दाखला दिला. तो दाखला योग्यच आहे. परंतु निर्मात्याचे नाव, घटक आणि समूह क्रमांक नसलेल्या पुडीला तो लागू करता येत नाही. अनुसूची 'ई-१' मधील विषद्रव्ये असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. उद्या निघणाऱ्या प्रवाशावर देखरेख कोण ठेवणार? अशा ग्राहकाला रसौषधी देऊच नयेत, असे आमचे मत आहे.

त्या तरुणाच्या गोळ्या थांबवून त्यास लंघन आणि शुंठीसिद्ध जल दिले, पुढे पेया. पाचव्या दिवशी भूक लागली. खरे विरेचन करावयाचे असल्यास पुढच्या शरदात अठरा दिवसांची रजा घेऊन ये, असे सांगितले असता एवढी रजा मिळत नाही, असे तो म्हणाला.